दुपारी दोन वाजता पिल्लाजवळ कोण असेल?

‘आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. स्वतःचं छोटं घर आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर, देवघर आणि सासूबाईंची खोली, वर आमच्या दोन बेडरूम. एसी फक्त वर आहे, खाली हॉलच्या खिडकीत कूलर. मी बँकेत आणि यजमान मिहानमधल्या कंपनीत. सकाळी साडेनऊला निघालेले आम्ही संध्याकाळी साडेसहा-सातला घरी येतो. मुलगी आता सहावीत जाईल. दोन वर्षांपासून तिचा हट्ट आहे की कुत्रा हवा आणि तोही बॉक्सरच. शेवटी यजमानांनी पुण्याच्या एका ब्रीडरला ॲडव्हान्स दिला. पिल्लं नुकतीच झाली आहेत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ४० दिवसांचं झालं की रेल्वेने पाठवतो असं तो म्हणतो. मुलीला सुट्ट्या असतील म्हणून आम्हालाही मे सोयीचा वाटला. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या म्हणतात, देवघर आहे तिथे कुत्रं नको. यजमान म्हणतात, एकदा आलं की त्यांनाही लळा लागेल. पिल्लू येण्याआधी काय काय आणून ठेवायचं त्याची यादी द्याल का? नागपूरचं ऊन त्याला सोसेल का? आणि ब्रीडर विचारतोय की शेपूट कापून हवी का. त्याला काय सांगू?’

— एक आई, नागपूर

ताई,

यादी देते, पण ती शेवटाकडे येईल आणि फार मोठी नसेल. बॉक्सरची तयारी म्हणजे खरेदी कमी आणि घराचं वेळापत्रक जास्त. तुमच्या पत्रात मला एकच जागा रिकामी दिसली. मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता त्या पिल्लाजवळ कोण असेल, कोणत्या खोलीत असेल, आणि नेमकी तेव्हाच लाईन गेली तर तो माणूस काय करेल? याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही. म्हणून पहिलं सांगणं हेच की हे पिल्लू मे महिन्यात आणू नका.

उन्हाचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरची आणि नाकातली ओल हवेत उडते आणि त्यातून अंग थंड होतं. लांब नाकाच्या कुत्र्याला त्यासाठी भरपूर जागा मिळते. बॉक्सरचं तोंड चपटं, नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग घशाकडे लोंबणारा. म्हणजे थंड व्हायची सोय तोकडी, आणि धाप टाकायलाच इतकी मेहनत की त्यानेच अंग आणखी तापतं. त्यात स्वभाव असा की खेळ सुरू झाला की स्वतःहून थांबायचं नाव नाही. पिल्लाला तर स्वतःच्या शरीराचं तापमान सांभाळणंच नीट जमत नसतं. जर्मनीत घडलेली ही जात आहे, १८९६ मध्ये म्युनिकमध्ये तिचा पहिला क्लब निघाला. आपला ४४-४५ अंशांचा मे आणि त्याच्या अखेरीस सुरू होणारा नवतपा, म्हणजे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तिच्या हिशेबात कधी नव्हतेच. नागपुरात बॉक्सर पाळता येतो, नीट पाळणारी घरं आहेत. मात्र इथे तो सोपा कुत्रा नाही, हे मुलीलाही आजच सांगून ठेवा.

आता रेल्वेचं. पुणे-नागपूर प्रवास सातशे किलोमीटरच्या वरचा. मे महिन्यात गार्डच्या डब्यातल्या पेटीत ४० दिवसांचं चपट्या तोंडाचं पिल्लू पाठवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे, यापेक्षा सौम्य शब्द मला सापडत नाही. विमानाचा विचारही करू नका, बऱ्याच विमान कंपन्या चपट्या तोंडाच्या जाती घेतच नाहीत आणि त्याला कारण आहे. प्रवासात झोपावं म्हणून कोणी औषध सुचवलं तर साफ नकार द्या. एसीप्रोमाझीन नावाच्या गुंगीच्या औषधाने काही बॉक्सरचा रक्तदाब आणि नाडी एकदम खाली जाते. पुढे कधी ऑपरेशनची वेळ आली तर हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

तुम्हाला वाटेल, मुलगी सुट्टीत घरी आहे, कूलर आहे, दीड महिना निघून जाईल. मे तसा निघूनही जाईल. कोरड्या हवेत आपला कूलर झकास चालतो. खरी अडचण जूनमध्ये सुरू होते. पहिले दोन-तीन पाऊस पडले की कूलरची हवा चिकट होते, अंगाला कपडे चिकटतात, हे तुम्हाला माहीतच आहे. हवेतच ओल भरलेली असली की कुत्र्याच्या जिभेवरची ओल उडत नाही, मग धापा टाकूनही उपयोग होत नाही. अशा दिवसांत बंद हॉलमधला कूलर बॉक्सरला मदत करण्याऐवजी त्रास देतो. आणि आपल्याकडच्या शाळा उघडतात त्याच सुमाराला. म्हणजे मुलगी शाळेत, तुम्ही दोघं कामावर, पिल्लू तीन महिन्यांचं, खालची खोली दमट आणि घरात एकट्या सासूबाई. मे सोयीचा वाटला तो पहिल्या सहा आठवड्यांपुरता. कुत्रा दहा-बारा वर्षं राहणार आहे.

दिवाळी झाल्यावर आणा. दिवाळीच्या आधी नको, कारण आठ ते दहा आठवड्यांच्या वयात पिल्लू एकदा घाबरलं तर ती भीती मनात घर करते आणि आपल्या गल्लीतल्या सुतळी बॉम्बसमोर त्याचा निभाव लागणार नाही. दिवाळीनंतर नागपूरची हवा कुत्र्यासाठी वर्षातली सगळ्यात चांगली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने मिळतात. त्यात लसी पूर्ण होतात, शी-शूचं वळण लागतं, बाहेरचं जग बघून होतं आणि पुढचा मे येईपर्यंत तो सात-आठ महिन्यांचा, घराला सरावलेला असतो. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात तेवढी गोधडी जास्त लागेल, बॉक्सरचे केस अगदी आखूड असतात. मधल्या काळात तुमच्या हातात पैसे साठवायलाही वेळ आहे, कारण पुढच्या उन्हाळ्याआधी खालच्या मजल्यावर एक एसी लागणार. याला पर्याय मी शोधून पाहिला, मला सापडला नाही. पिल्लू दिवसभर वर बेडरूममध्ये बंद ठेवणं हा पर्याय नव्हे. सासूबाई जिना चढू शकत नाहीत आणि वर लाईन गेली तर कोणाला कळणारही नाही. खाली एसी शक्यच नसेल तर बॉक्सरचा विचार सोडा. आपल्या मातीतला देशी कुत्रा हे ऊन जन्मापासून जाणतो, आणि त्याच्यावर तुमच्या लेकीचं प्रेम कमी बसेल असं मला वाटत नाही.

ब्रीडरला फोन करा आणि सांगा की ॲडव्हान्स पुढच्या वेताला धरा. नाही म्हणाला तर ते पैसे सोडून द्या. ४० दिवसांचं पिल्लू देतो म्हणणारा माणूस तसाही मला पटत नाही. श्वानपैदाशीचे २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. आठ आठवड्यांचा आग्रह नुसता कायद्यासाठी नाही. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं भावंडांशी मस्ती करताना चावतात, समोरचं पिल्लू कळवळलं की सोडतात, आणि दात किती जोरात लावायचे ते तिथेच शिकतात. जे पिल्लू हे न शिकता तुमच्या घरी येईल ते सासूबाईंच्या पातळ कातडीवर शिकेल. बॉक्सर पिल्लाचे दात सुईसारखे असतात.

पिल्लू बघायला स्वतः जा आणि त्याची आई दाखवायला सांगा. आई दाखवत नसेल तर परत या. आई-बापाच्या हृदयाची तपासणी झाली आहे का, ते विचारा. या जातीत हृदयाचे ठोके बिघडण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. तो होल्टर तपासणीत, म्हणजे सलग २४ तास ठोके नोंदवून, सापडतो. शिवाय हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मतः अरुंद असण्याचा दोषही आढळतो, तो इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतो. आपल्याकडे फार थोडे ब्रीडर या तपासण्या करतात, तरी विचारा. उत्तर काय मिळतं यापेक्षा ते कसं मिळतं त्यावरून माणूस कळतो. केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात, तब्येत सांगत नाहीत. पांढरं पिल्लू ‘रेअर’ म्हणून जास्त किमतीला विकायचा प्रयत्न होईल, त्याला भुलू नका. पांढऱ्या बॉक्सरमध्ये बहिरेपणाचं प्रमाण जास्त असतं. बदामी किंवा वाघासारखे पट्टे असलेला, दोन्ही सारखेच चांगले.

आता सासूबाई. खरं तर पत्राची सुरुवात मी इथूनच करणार होते. लळा लागेल या आशेवर सगळा हिशेब मांडला गेला आहे, आणि तो ज्यांच्या जिवावर मांडला त्यांना कोणी विचारलेलं नाही. लळा लागेलही. अनेक घरांत असं झालेलं मी पाहिलं आहे. पण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात त्या एकट्या त्याच्याबरोबर असणार आहेत, आणि घर त्यांचंही आहे. त्यांचं मन वळवायला म्हणून बसू नका. नेमकं काय नको आहे ते विचारायला बसा. यजमानांनी बसावं, त्यांची आई आहे. माझा अंदाज असा की देवघर हे त्यांनी दिलेलं कारण आहे, त्याच्यामागे पडण्याची भीती आहे. ऑपरेशन झालेला गुडघा, हातात काठी आणि पायात घुटमळणारं पिल्लू. भीती खरी आहे. पूर्ण वाढलेला बॉक्सर २५ ते ३२ किलोचा होतो, माणूस दिसला की पुढचे दोन्ही पाय उचलून अंगावर झेपावतो, आणि दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत त्याचं पोरपण जात नाही. त्या वयात पडणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून त्यांच्यासाठी घर आधी बदला, पिल्लू नंतर आणा. जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून दोन जाळीची फाटकं करून घ्या, एक त्यांच्या खोलीच्या दाराला आणि एक देवघराला. उंची कमरेच्या वर, कडी त्यांना उभ्याने काढता येईल अशी वरच्या बाजूला, आणि गजांमधलं अंतर तीन बोटांपेक्षा जास्त नको, नाहीतर पिल्लाचं डोकं अडकतं. तेच अंतर कंपाउंडच्या गेटला तपासा. आपल्याकडच्या बहुतेक गेटांखालून दोन महिन्यांचं पिल्लू आरामात निघून जातं. त्यांच्या खोलीत त्यांच्या परवानगीशिवाय कुत्रा जाणार नाही, हे सगळ्यांनी मान्य करायचं, मुलीनेही. त्यांना वाटलं तर त्या फाटक उघडतील.

आणि दिवसाचं काम त्यांच्यावर टाकू नका. दोन महिन्यांचं पिल्लू जागं असताना दर तास-दोन तासांनी शू करतं. प्रत्येक वेळी वाकून पुसणं त्या गुडघ्याला झेपणार नाही, आणि सुनेच्या हौसेपायी आपण पुसतोय ही भावना घरात कडवटपणा आणते. दोन पर्याय दिसतात. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना कुत्र्याची भीती नसेल तर त्यांना विचारा, दुपारी बारा आणि तीनला अर्धा-अर्धा तास जास्तीचे पैसे देऊन त्या येतील का. किंवा शेजारपाजारचा एखादा कॉलेजचा, कुत्र्यांची आवड असलेला विश्वासू मुलगा. पहिले दहा-बारा दिवस मात्र तुमच्यापैकी एकाने रजा घ्यायलाच हवी. आधी तुम्ही, मग यजमान असं वाटून घेतलंत तर दोन-तीन आठवडे निघतात. सासूबाईंनी फक्त घरात असावं, वाटलं तर लांबून बोलावं. तेवढ्यानेही पिल्लाला एकटं वाटत नाही.

पिल्लाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवा, की चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड होतात. उडी मारली की पाठ फिरवायची, बोलायचं नाही, ढकलायचंही नाही, कारण बॉक्सरला ढकलणं म्हणजे खेळाचं आमंत्रण वाटतं. लहान आहे म्हणून आता मजा वाटते आणि सहा महिन्यांनी त्याच उडीला रागावणं, हा त्याच्यावर अन्याय आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही हे सांगावं लागतं, आणि तेच जास्त अवघड जातं.

उन्हाळ्याआधी घरात एक गोष्ट जरूर तपासा, ती म्हणजे कूलर. हॉलच्या खिडकीतल्या कूलरकडे जमिनीवर बसून, पिल्लाच्या नजरेने बघा. टाकीच्या बुडातून थेंब-थेंब पाणी गळत असतं आणि खाली फरशीवर थंडगार ओल असते. उन्हाळ्यात पिल्लू लोळायला आणि चाटायला तिथेच जाणार. वर पंपाची वायर लोंबत असते, तिला जुनी चिकटपट्टी गुंडाळलेली असते आणि बॉडी लोखंडी. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, ओल्या फरशीवर उभं राहून लोखंडाला जीभ लावणाऱ्या पिल्लाचं काय होईल! इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासा, मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवा, वायर पाईपमधून न्या. पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढायचा, हे सासूबाईंसाठीही तितकंच गरजेचं आहे.

ऊन लागलं तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. मोठा घरघर आवाज करत धाप लागणं, दाट चिकट लाळ, जीभ गडद लाल किंवा जांभळट, चालताना झोक जाणं, उलटी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०६ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी होऊ लागतात. अशा वेळी गाडी काढायला धावू नका. आधी अंग थंड करायचं, मग दवाखाना. सावलीत किंवा बाथरूममध्ये नेऊन अंगभर, पोटाखाली, मांड्यांत पाणी ओतत राहायचं आणि पंख्याचा झोत सोडायचा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवायचा नाही, तो थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. तोंडात जबरदस्तीने पाणी घालायचं नाही. आणि नागपूरकरांसाठी महत्त्वाचं म्हणजे मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीतलं चटका देणारं पाणी येतं, ते त्याच्यावर ओतू नका. मार्च संपला की बाथरूममध्ये दोन बादल्या रोज सकाळी भरून, झाकून ठेवायच्या. लाईन गेली तर निदान एक पंखा इन्व्हर्टरवर चालायला हवा. हे सगळं दुपारच्या माणसाकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या.

फिरायला उन्हाळ्यात पहाटे सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही. दिवसा घरातच वास घेऊन खाऊ शोधण्याचे खेळ खेळवा, त्याने तो चांगला दमतो.

आता यादी. पसरट आणि जड स्टीलची दोन भांडी, कारण खोल वाडग्यात त्याचं चपटं तोंड नीट जात नाही. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, श्वासाला आधीच अडचण असताना गळा आवळायला नको. मोठेपणी मावेल असा पिंजरा किंवा क्रेट, सध्या आडोसा घालून लहान केलेला, दार उघडं ठेवून त्यात जेवण द्यायचं म्हणजे ती त्याची खोली होते. चावायला रबराची मोठी खेळणी, गिळता येणार नाहीत अशी. अंथरूण विकत घेऊ नका, जुनी गोधडी पुरे, महागडी गादी तो आठवड्यात फाडेल. फरशीवर पाय घसरत असतील तर त्याच्या वावराच्या जागी सतरंज्या टाका, वाढत्या वयात सतत घसरण्याने कमरेचे सांधे बिघडतात. चेहऱ्याच्या घड्या जेवणानंतर पुसायला मऊ सुती फडकी, रोजच्या रोज, नाहीतर आत ओल राहून कातडी कुजते. खरेदी इथे संपली.

काढून टाकायच्या गोष्टी मात्र जास्त आहेत. अंगणात कण्हेर किंवा बिट्टी असेल तर पिल्लाच्या आवाक्याबाहेर घालवा, दोन्ही हृदयावर परिणाम करणारी विषारी झाडं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, उंदराचं औषध, सासूबाईंच्या गुडघेदुखीच्या गोळ्या. जमिनीवर पडलेली पेनकिलरची एक गोळी लहान पिल्लाला पुरते. फरशी फिनाईलने पुसत असाल तर पूर्ण वाळेपर्यंत त्याला तिकडे जाऊ देऊ नका. खाण्यात कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नको, रश्श्यातली शिजलेली हाडंही नकोत, ती आतड्यात टोचतात. ताटातलं काही त्याला देण्याची सवय कोणालाच लागू देऊ नका. ब्रीडर जे खायला घालतो तेच पहिले सात-आठ दिवस द्या, मग हळूहळू मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य सुरू करा. चार महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा. आणि कॅल्शियमचं टॉनिक? दुकानदार हमखास हातात ठेवतो. चांगल्या पिल्लांच्या खाद्यात ते पुरेसं असतं, वरून दिलं तर मोठ्या जातींची हाडं वेडीवाकडी वाढतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. जेवणानंतर तासभर उड्या-पळापळ नको, या जातीत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो काही तासांत जीव घेतो.

डॉक्टर पिल्लाच्या आधी ठरवा. घराजवळचा एक, रात्री फोन उचलणारा. मोठ्या तपासण्यांसाठी सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहेच. आल्यावर दोन-तीन दिवसांत नेऊन छातीला स्टेथोस्कोप लावून घ्या, ठोक्यांत ‘मर्मर’, म्हणजे जास्तीचा सरसर आवाज, आहे का ते विचारा. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांवरची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं. लसी पूर्ण होईपर्यंत गल्लीत जमिनीवर सोडू नका, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पण म्हणून चार महिने घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन, गाडीत बसवून बाहेर न्या. मेट्रोचा आवाज, लग्नाची वरात, रेनकोट घातलेला माणूस, भाजीवाल्याची हाक, सगळं त्याने या वयात लांबून बघायला-ऐकायला हवं. पुढच्या पोळ्याला, मारबतीच्या मिरवणुकीच्या गोंगाटात ते कामी येईल. महापालिकेकडे नोंदणीही करून घ्या.

गोचिडांबद्दल सावध राहा. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या शेवटापर्यंत रोज रात्री कानांच्या आत, बोटांच्या फटीत आणि हार्नेसच्या पट्ट्यांखाली हात फिरवून बघायचं. ताप, जेवण सोडणं, हिरड्या फिकट पडणं, नाकातून रक्त येणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा, एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांमुळे होणारे दोन्ही आजार आपल्याकडे सर्रास सापडतात. आणखी एक गोष्ट, मोठा झाल्यावर खेळता खेळता तो धाडकन पडला आणि क्षणात उठून पुन्हा पळायला लागला, तर ‘पाय घसरला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. बॉक्सरमध्ये ती हृदयाची तक्रार असू शकते.

मुलीला मधले महिने कठीण जातील. तिला रिकामं ठेवू नका. ब्रीडरला विचारायचे प्रश्न तिला लिहू द्या, गजांमधलं अंतर तिलाच मोजू द्या, डॉक्टरांकडे तिला बरोबर न्या. कुत्रा आल्यावर जेवणाच्या वेळा आणि भांडी तिच्याकडे द्या, रस्त्यावरची दोरी मात्र नको. सहा महिन्यांचा बॉक्सर तिला ओढून नेईल. आणि ती कंटाळेल तेव्हा रागावू नका, अकरा वर्षांच्या मुलीने दहा वर्षांचं वचन पाळावं ही अपेक्षाच चुकीची आहे. कुत्रा तुमचा आणि यजमानांचा आहे, असं धरूनच आणा.

राहिला शेपटीचा प्रश्न. कापू नका, कानही नाही. त्याने कुत्र्याचा काहीच फायदा होत नाही, फक्त जुन्या फोटोंसारखा दिसतो. ज्या जर्मनीतून ही जात आली तिथेही आता दोन्ही गोष्टींना बंदी आहे. बॉक्सर आनंद झाला की पार्श्वभागासकट अख्खी शेपूट हलवतो, इतर कुत्रे त्याच शेपटीवरून त्याचं मन ओळखतात. पण पिल्लू बघायला जाल तेव्हा हे सांगून चालणार नाही, कारण शेपूट जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच कापतात. म्हणून पुढच्या वेताची बोलणी करतानाच ब्रीडरला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा की आमच्या पिल्लाची शेपूट ठेवा, आणि त्याचं ‘हो’ लेखी घ्या. सासूबाईंशी बोलणं मात्र त्याआधी होऊ द्या. त्यांनी नको म्हटलं, तर ब्रीडरला फोन करायची गरजच उरत नाही.